डब्यासोबत एक माणूस

माझ्या नात्यातल्या बहुतेकांचा असा पक्का समज आहे की मी लायसन्स काढून देते. लग्नात, बारशात, कुठेही गेले की एखादे काका हळूच बाजूला घेतात आणि म्हणतात, "बेटा, आपल्या पिंटूचं तेवढं फोर-व्हीलरचं बघ की." मी सांगते की काका, ते ऑफिस वेगळं, मी नियोजनात आहे. "म्हणजे नेमकं काय करता?" "माणसं कुठून कुठे जातात ते मोजतो." काका थोडा वेळ माझ्याकडे बघतात आणि मग काकूंना सांगतात, "अजून पर्मनंट झालेली दिसत नाही."

त्या सगळ्या काकांसाठी हा लेख आहे.

परभणी जिल्ह्याचा वाहतूक आराखडा करायचा म्हणजे आधी हे कळायला हवं की कुठल्या गावातली माणसं कशाला, कधी आणि कशाने बाहेर पडतात. ती माहिती गोळा करून तिचा अर्थ लावणारी एक छोटी टीम आहे आणि तिची मी प्रमुख आहे. टीम म्हणजे आम्ही तिघं. अझहर परभणीचाच, नकाशे आणि कॉम्प्युटरचं काम त्याच्याकडे. दीपाली पूर्णा तालुक्यातल्या एका खेड्यातली, सर्वेक्षणाचं मैदानातलं काम ती बघते. उरलेली मी. मी आकडे जुळवते, अहवाल लिहिते आणि शक्यतो कुणाशी बोलत नाही.

शेवटचं गमतीने लिहिलेलं नाही. चारचौघांत कुणी मोठ्याने माझं नाव घेतलं तरी माझी कानशिलं गरम होतात. शाळेत हजेरीला "प्रेझेंट" म्हणतानासुद्धा व्हायची. आकड्यांच्या मागे लपायला चांगली जागा असते असं वाटून मी या कामात आले. त्यात शाळा इंग्रजी. घरी मराठीच बोलायचो, पण आकडे अजूनही डोक्यात इंग्रजीतच येतात. एकोणसाठ म्हटलं की मी क्षणभर थांबते, आणि दीपाली न विचारता सांगते, "फिफ्टी नाईन, म्याडम." बैठकीतसुद्धा सांगते.

सर्वेक्षण ऐकायला सोपं वाटतं. नाक्यावर उभं राहायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचं, कुठून आलात, कुठे चाललात, कशासाठी. "कुठून आलात?" याचं आमच्याकडचं सर्वांत लोकप्रिय उत्तर आहे "घरून." दुसऱ्या क्रमांकावर "तुमी कुठल्या?" येलदरीकडच्या रस्त्यावर एका मासळीवाल्याला दीपालीने प्रवासाचं कारण विचारलं, तर तो म्हणाला, "कारण टोपल्यात हाय. वासावरून वळखा." पहिल्या वर्षी तर आम्ही ताडकळसला गाड्या मोजायला नेमके बाजाराच्या दिवशी गेलो. अझहरच्या नकाशावर ताडकळस एवढं जाड उमटलं की साहेबांनी विचारलं, तिथे विमानतळ झाला का?

आता मुख्य गोष्ट. गावाचं नाव सांगणार नाही. ताडकळसच्या पलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत आहे, एवढं पुरे. माणसांची नावंही बदललेली आहेत.

आमच्याकडे एक काम आलं. ज्या बस रिकाम्या धावतात त्या शोधून द्यायच्या. त्यात वाईट काही नव्हतं. एका रस्त्यावर पोरं दाराला लोंबकळत कॉलेजला जातात आणि दुसऱ्या रस्त्यावर गाडी नुसती वारा खात जाते, तर दुसरी पहिलीकडे वळवावी, हा साधा हिशोब. त्यासाठी 'भारमान' बघतात. गाडीत जेवढी जागा आहे त्यातली किती भरली, याला भारमान म्हणतात. तिकिटाच्या मशीनमधून ते निघतं. अझहरने सगळ्या फेऱ्या नकाशावर आणल्या. भरलेल्या हिरव्या, रिकाम्या लाल. त्या गावची सकाळची फेरी इतकी लाल होती की तो म्हणाला, "म्याडम, ही गाडी आहे का जखम आहे?"

ही गाडी मुक्कामी. म्हणजे रात्री गावात थांबते, सकाळी तिथूनच निघते आणि ऑफिसं उघडायच्या आत परभणीला येते. तिच्यात दोन-चार माणसं. कधी तेवढीही नाहीत. बंद करण्याच्या यादीत ती सर्वांत वर गेली. अहवाल तयार होता.

अहवाल पाठवायच्या आधी मी एक करते. कुठल्याही दोन-तीन फेऱ्या उचलून प्रत्यक्ष बघते, गाडी मशीनमध्ये लिहिलेल्या वेळेला खरंच येते का. बसस्टँड माझ्या ऑफिसच्या वाटेवरच आहे. म्हणून एका सकाळी मी तिथे खांबाला टेकून उभी राहिले. न बोलता उभं राहणं हे या धंद्यातलं माझं खास कौशल्य आहे.

गाडी यायच्या आधीच तिथे गर्दी जमायला लागली. कॉलेजची मुलं-मुली, बहुतेक मुलीच. पाठीला सॅक, हातात रिकामा डबा. गाडी आत आली तशी सगळी तिच्याकडे धावली. मला वाटलं चढायला धावली. पण दारातून एक म्हातारे बाबा आणि त्यांचं पोतं एवढंच उतरलं, आणि चढलं कुणीच नाही. सगळी खिडकीखाली गोळा झाली.

खिडकीतून कंडक्टरने डोकं बाहेर काढलं. त्यांना आपण मुंजाजीभाऊ म्हणू. मग एक एक डबा बाहेर यायला लागला. स्टीलचे, कापडात बांधलेले, पिशवीतले.

"हिरवा रुमाल कुणाचा? ए, ढकलू नका रे, तुमच्या आयांनी बांधून दिलंय, पळून जायलंय का ते! फुलाफुलाचा! फुलाफुलाचा कुणाचा?"

"माझा, माझा!"

"तुझा कालचा आण आधी. न्हाई? तुझी माय मला बोलतीय, तुला काय कळतंय. प्रणिता! प्रणिता आली का?"

मागून एक मुलगी हात वर करत पुढे आली.

"घे. आईनं निरोप दिलाय, डोक्याला तेल लाव म्हणाली. अन् मोबाइल उशाशी घेऊन झोपू नको."

सगळे हसले. ती मुलगी लाल झाली, पण तिने डबा घेतला आणि छातीशी धरला. मी लाल झाले ते तिच्या वतीने. एवढ्या लोकांत माझं नाव घेऊन कुणी तेलाचं बोललं असतं तर मी शिक्षण सोडलं असतं.

शेजारच्या बाकड्यावर बसून ती झाकण उघडून बघत होती. मी धीर करून विचारलं, "रोज येतो?"

"रोज. सुट्टी सोडून. दोन्ही वेळचं एकदम येतं." तिने डबा माझ्याकडे वळवला. ज्वारीच्या भाकरी, येसर मसाला घालून केलेली आमटी वेगळ्या डबीत घट्ट बंद, शेंगदाण्याची चटणी, कांदा. "घ्या ना ताई."

"नको. मेस नाही का लावली?"

"खोलीच कशीबशी झाली. पप्पा म्हणाले, जेवण घरून येत असलं तर रहा. न्हाईतर गावातून ये-जा कर. ये-जा केली तर सकाळी सातच्या प्रॅक्टिकलला पोचतच न्हाई." ती सहज बोलत होती. "इथं खोलीशेजारच्या दोघींचं शिक्षण अस्संच बंद झालं. त्यांच्या गावची गाडी बंद झाली होती."

ती गाडी कधी बंद झाली, कुणाच्या अहवालावरून, ते मी विचारलं नाही. मी ऑफिसला गेले.

"अझहर," मी म्हटलं, "त्या लाल फेरीत माणसं नाहीत, डबे आहेत. ढीगभर."

अझहरने स्क्रीनवरून मानही वळवली नाही. "असणारच की. डब्याची गाडी ती."

"तुला माहीत होतं?"

"म्याडम, डिप्लोमाला माझा पार्टनर सेलूकडचा होता. तीन वर्षं मी त्याच्या आईच्या हातचं खाल्लंय. तिने माझ्यासाठी दोन भाकरी जास्त टाकायला सुरुवात केली, तेव्हा कुठे मी लाजलो."

मी दीपालीकडे बघितलं.

"माझं तर बी.ए. डब्यावरच झालं," ती म्हणाली. "पावसाळ्यात आमटी सांडायची, मग वह्यांना वास. आजबी ती वही उघडली की भूक लागती."

"मग आपण सहा महिने बस मोजल्या, तेव्हा दोघांपैकी एकाने तरी सांगायचं!"

"तुमी माणसं मोजा म्हणलात. आमी माणसं मोजली." मग तिलाच थोडं वाईट वाटलं. "खरं सांगू का म्याडम, सुचलंच न्हाई. डबा येतो हे काय सांगायचं असतंय का? सकाळी उजाडलं असं कुणी सांगतं का?"

ही आमची चूक. ज्याचं शिक्षण डब्यावर झालं त्याला ते सांगावंसं वाटलं नाही, आणि जिला शाळेतून आल्यावर गरम वरण-भात मिळाला त्या मला ते विचारावंसं वाटलं नाही.

त्या दुपारी आमच्यात जोरदार वाद झाला. डबा प्रवासी आहे का? अझहर म्हणाला, नाही, त्याला सीट लागत नाही. दीपाली म्हणाली, मग मांडीवरच्या लेकरालाबी लागत न्हाई. शेवटी आमचं असं ठरलं की डबा हा एक टळलेला प्रवास आहे. तो आला नाही तर एकतर मुलगी गावी जाईल, किंवा वडील मोटरसायकल काढून येतील, किंवा शिक्षण थांबेल. आमच्या विषयात अशा गोष्टीला जागा आहे. मी अहवालात एक पान वाढवलं आणि बरं वाटून घेतलं. ते बरं वाटणं दोन दिवस टिकलं.

तिसऱ्या दिवशी मुंजाजीभाऊ ऑफिसात आले. डब्यांबद्दल चार प्रश्न विचारायला दीपालीने त्यांना गाठलं होतं, त्यावरून त्यांना कळलं. टोपी हातात घेऊन ते खुर्चीच्या कडेवर बसले.

"ताई, तुमी लिहायलाव म्हणं?"

"गाडी वाचावी म्हणून लिहितेय, भाऊ."

"गाडी वाचंल. मी न्हाई वाचायचो." ते हसत होते, पण डोळे हसत नव्हते. "सामानासंगं माणूस पाहिजे, असा नियम हाय. नुसतं सामान घ्यायचं तर त्याचं वेगळं तिकीट. आता लेकरांच्या भाकरीचं तिकीट फाडू का मी? आमचे तपासणीवालेबी माणसंच हायत, बघून न बघितल्यासारखं करतात. पण एकदा कागदावर आलं की त्यांना बघावंच लागतंय. पोरगी लग्नाला आलीय माझी, ताई. रिटायर व्हायला थोडकं राहिलंय."

ते गेल्यावर मी ते पान काढून टाकलं. मग परत घातलं. मग परत काढलं. लिहिलं तर मुंजाजीभाऊ अडचणीत, नाही लिहिलं तर गाडी बंद आणि प्रणिता घरी. मधला रस्ता कुठे दिसेना. अझहर म्हणाला, "म्याडम, तुम्ही हे पान इतक्यांदा काढलं-घातलं की याचीच आता एक फेरी लावता येईल."

शेवटी मी तेच केलं जे नियोजनवाल्यांनी सर्वांत आधी करायचं असतं आणि जे आम्ही नेहमी सर्वांत शेवटी करतो. गावात गेलो. दीपाली सोबत होती म्हणून माझी हिंमत झाली.

प्रणिताची आई सत्यभामाकाकू. त्यांच्या अंगणात बघता बघता दहा-पंधरा बाया जमल्या. चहा झाला. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी बशीकडे. दीपालीने कोपराने ढोसलं, तेव्हा कुठे मी बोलायला सुरुवात केली. भारमान समजावलं. मग नियम समजावला. माझ्या मराठीत ते इतकं कोरडं झालं की एक बाई शेजारणीला म्हणाली, "बातम्यावानी बोलती, नाही का?"

कोपऱ्यात काकूंची सासू गयाबाई शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "पुन्ना सांग पोरी. गाडी कशापायी बंद?"

"गाडीत माणूस नाही म्हणून."

"अन् त्या मुंजाजीला कशाचा भेव?"

"डब्यासोबत माणूस नाही म्हणून."

"मंग माणूस बशिव की डब्यापाशी. दोन्ही येकदम भागलं."

सत्यभामाकाकू म्हणाल्या, "आत्याबाई, रोज कोण जाईल? कामं कुणी करायची?"

"पाळी लावा. पाण्याला पाळी लावताव, गिरणीला लावताव. रोज एकीनं डबे घेऊन जायचं, दुपारच्या गाडीनं यायचं. बायांना अर्धंच तिकीट हाय."

"अन् पयली पाळी कुणाची?"

"माझी," गयाबाई म्हणाली. तिने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, जणू गाडी दारात उभी होती. "तुमची कामं हायत ना? करा मग."

यावर जो गलका झाला तो मला लिहिता येणार नाही, कारण सगळ्या एकदम बोलत होत्या. अर्ध्या तासापूर्वी कुणालाच वेळ नव्हता. आता बुधवार कुणाचा आणि गुरुवार कुणाचा यावरून दोन सख्ख्या जावा भांडत होत्या. "तू मागच्या वर्षी जाऊन आलीस ना परभणीला!" "ते दवाखान्यात गेल्ते बाई, ते काय जाणं हाय का!"

मला एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागली आणि ती मी सांगितली. रोज एका बाईने गाडी भरत नाही. भारमान तसंच राहील, गाडी कदाचित तरीही बंद होईल. पण डब्यांसोबत तिकीट काढलेलं माणूस असलं, तर ते डबे त्या माणसाचं सामान होतात, आणि मग मला ते अहवालात उघडपणे लिहिता येतील. त्याहून जास्त माझ्या हातात नाही.

"तुज्या हातात हाय तेवढं तू कर," गयाबाई म्हणाली. "आमी आमचं करताव."

बैठकीच्या आधी ताजे आकडे घ्यायला मी साहेबांकडून थोडा वेळ मागून घेतला. आमचे साहेब सज्जन आहेत, पण त्यांना प्रत्येक गोष्ट एका आकड्यात लागते. मुलाच्या लग्नाची पत्रिका दिली तेव्हा त्यांनी आधी मंगल कार्यालयाची क्षमता सांगितली होती. "घ्या," ते म्हणाले, "पण मला भावना नकोत. भारमान आणा."

पहिल्या सकाळी मी खांबापाशी होते. गाडी आली. डब्यांच्या राशीमागे खिडकीत गयाबाई बसली होती, नवं लुगडं, डोक्यावर पदर, मांडीवर दोन डबे. मुंजाजीभाऊंनी माझ्याकडे बघून तिच्या तिकिटाकडे बोट दाखवलं, एखादं पदक दाखवावं तसं. गयाबाईने निरोपांचं खातंही स्वतःकडे घेतलं होतं. "ए मारुतीच्या पोरा, बाप इचारतोय, पास व्हायलाय का नुस्ता खायलायस?"

डबे वाटून झाल्यावर ती प्रणिताचा हात धरून म्हणाली, "चल, तुजी खोली दाव." नातीला परभणीत राहून दुसरं वर्ष लागलं होतं. घरातल्या कुणाही बाईने ती खोली पाहिलेली नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात अझहरने मला हाक मारली. "म्याडम, मशीन बिघडलं वाटतं." त्या फेरीची रेघ वर चढायला लागली होती. आम्ही तिघांनी तपासलं. मशीन ठीक होतं. मग आमच्या मनात जी शंका यायला हवी ती आली. गाव मुद्दाम तिकिटं काढतंय का? दीपाली म्हणाली, "काढत असले तरी आपल्याला काय?" मी म्हटलं, आपल्याला खूप काही. खोटा आकडा आपण लिहिला तर उद्या आपला खराही कुणी वाचणार नाही.

म्हणून परत खांब. यावेळी मला बोलावं लागलं, प्रवासाचं कारण विचारायचं होतं. उतरणाऱ्या प्रत्येक बाईला मी माझा कोरडा प्रश्न विचारला, कशासाठी आलात?

"पाळी गंगूची हाय, मी तिच्यासंगं आले. एकटी कशी यील ती?"

"डोळे दाखवायचे होते. वर्सापासून दाखवायचेत."

"पोराच्या खोलीत झाडू न्हाई म्हणं. झाडू घेऊन आले."

"ब्यांकेत अंगठा द्यायचाय."

आणि एक तरुण सून, हळू आवाजात, "काही कारण न्हाई ताई. चालतंय का?"

"चालतं," मी म्हटलं. आमच्या सर्वेक्षणात 'इतर' असा एक रकाना असतो. तो मी इतक्या आनंदाने कधी भरला नव्हता.

झालं होतं ते एवढंच. या बायांना परभणीत काम नव्हतं असं नाही. निघायला निमित्त नव्हतं, आणि एकटीने निघायची सवय नव्हती. डब्याच्या पाळीने दोन्ही दिलं. एकीची पाळी आली की तिच्यासोबत दोघी-तिघी निघायच्या. आमच्या शास्त्रात मागणी असेल तर गाडी द्या म्हणतात. गाडी आधीपासून होती. मागणी अंगणात शेंगा फोडत बसली होती.

बैठकीत मी उभी राहिले. गयाबाईच्या पाळीच्या सकाळी स्टँडवर काढलेला फोटो लावला, खिडकीखाली जमलेल्या मुलांचा.

साहेबांनी चष्मा वर केला. "एवढी गर्दी? मग ही फेरी लाल कशी?"

"सर, ही गर्दी उतरलेली नाही. घ्यायला आलेली आहे."

मग मी डब्यांचं पान वाचलं. बोलताना मी कुणाकडेही बघितलं नाही, टेबलावरच्या बिस्किटांकडे बघितलं. कुणीतरी विचारलं, "असं सामान नियमात बसतं का?" मी म्हटलं, "सोबत प्रवासी आहे. रोज. तिकीट काढून." आणि नवी रेघ दाखवली.

साहेबांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. "हे फुगवलेलं नाही ना?"

"मलाही तेच वाटलं होतं, सर. म्हणून प्रत्येकीला विचारलं. ही कारणं."

त्यांनी कारणं वाचली. झाडूपाशी थांबले, परत वाचलं. "इतर फार जास्त आहे तुमचं," ते म्हणाले. मग पेन काढून त्यांनी बंद करण्याच्या यादीतली सर्वांत वरची ओळ खोडली. "सहा महिन्यांनी परत बघू. पुढची फेरी?"

बाहेर आल्यावर अझहरने माझ्यासाठी चहा सांगितला. दीपालीने गावात फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडून फक्त गलका ऐकू येत होता. नकाशावरची ती फेरी अजून हिरवी झालेली नाही, पिवळसर आहे. त्याच यादीतल्या बाकीच्या काही लाल फेऱ्या बंद झाल्या, आणि त्यांच्यातल्या किती डब्यांच्या होत्या हे मला माहीत नाही. आता आम्ही बस मोजायला जातो तेव्हा खिडक्यांकडेही बघतो. पण ते आता.

त्यानंतर एका सकाळी मी घाईत स्टँडवरून चालले होते. मागून आरोळी आली. "ओ म्याडम! नियोजनवाल्या म्याडम!"

सगळा स्टँड वळून बघायला लागला. मुंजाजीभाऊ खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आले होते, हातात पिवळ्या रुमालात बांधलेला डबा.

"तुमचा डबा! गयाबाईनं पाठवलाय, धपाटे हायत! अन् निरोप हाय, परतीची गाडी लय लवकर निघती! बाजारबी होत न्हाई, लेकरूबी भेटत न्हाई! तासभर मागं घ्या म्हणाली!"

त्यांच्यामागे सीटवर गंगू बसली होती, म्हणजे सामानासोबत माणूस होतं. गर्दीत प्रणिता होती, ती माझ्याकडे बघून मनापासून हसत होती. आता तुमची पाळी, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. पळून जावं असं वाटलं. पण डबा हवेत होता, आणि घेणाऱ्याने हात वर करायचा असतो. मी केला.

धपाटे आम्ही तिघांनी ऑफिसात खाल्ले. साहेबांनी वासावर येऊन दोन उचलले, तेव्हा मी परतीच्या गाडीच्या वेळेचा विषय काढला. "अर्ज करा," ते चावत चावत म्हणाले. अर्ज केला. तो वर गेला, खाली आला, परत वर गेला.

तोवर डबा माझ्या टेबलावर होता. धुतलेला डबा रिकामा परत पाठवायचा नसतो, एवढं इंग्रजी शाळेतलीलाही माहीत असतं, आणि त्यात काय घालायचं ते माझं ठरलेलं होतं. रोज सकाळी मुंजाजीभाऊ स्टँडभर ऐकू जाईल असं ओरडायचे, "म्याडम, डबा! म्हातारी मला बोलायलीय!" मीही लांबूनच ओरडून सांगायचे, "सही व्हायचीय!" कानशिलं गरम व्हायची कधी थांबली ते लक्षातच आलं नाही.

मागच्या महिन्यात सही झाली. आदेशाची प्रत घडी घालून डब्यात ठेवली, वर थोडे पेढे, आणि पिवळा रुमाल घट्ट बांधला. त्या दिवशी परत जाणारी पाळी सत्यभामाकाकूंची होती. दुपारच्या गाडीत मी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. गाडी तासभर उशिरा सुटली, अगदी वेळेवर.